दीवच्या विमानतळावर उतरताना काय पाहावे, आणि ही धावपट्टी तिथे आली कशी?

किनारपट्टी_मुंबई (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

येत्या थंडीत आई-बाबांना घेऊन मुंबईहून दीवला जायचे ठरवतो आहे. दोघांचीही सत्तरी उलटली आहे. वेरावळपर्यंत रेल्वेने आणि तिथून पुढे गाडीने जाण्यात त्यांची दमछाक होईल, म्हणून विमानानेच जावे असे मनात आहे. विमानांच्या वेळापत्रकाची चौकशी माझी मी करतोच आहे. इथे विचारायचे आहे ते थोडे वेगळे आहे.

बाबा पणजीला सरकारी नोकरीत होते, त्या काळी ‘गोवा, दमण आणि दीव’ हा एकच केंद्रशासित प्रदेश होता. दीवच्या कितीतरी फायली त्यांच्या टेबलावरून गेल्या, तिथून कामासाठी आलेल्या लोकांशी ओळखीही झाल्या, परंतु प्रत्यक्ष दीव पाहण्याचा योग काही आला नाही. त्यामुळे ही सहल म्हणजे केवळ समुद्रकिनाऱ्यावर फिरून येणे नव्हे. त्यांना ते गाव समजून घ्यायचे आहे.

नकाशा पाहताना एक प्रश्न मनात आला. हे बेट पूर्व-पश्चिम साधारण ११ किलोमीटर लांब आणि रुंदीला ३ किलोमीटरच्या आसपास. एवढ्याशा बेटावर पक्की धावपट्टी कशी काय आली? बाबा म्हणतात की ती पोर्तुगीजांनी बांधली. ते खरे असेल, तर जवळजवळ सव्वाचारशे वर्षे किल्ला आणि गलबते यांवर निभावून नेलेल्या सत्तेला अखेरच्या काही वर्षांतच विमानतळाची गरज का भासली? १९६१ च्या लष्करी कारवाईत या विमानतळावर नेमके काय घडले? आणि उतरताना खिडकीतून असे काय दिसते, ज्याच्या आधारे मी त्यांना या जागेचा इतिहास दाखवत दाखवत सांगू शकेन?

‘पाहण्यासारखी दहा ठिकाणे’ अशा याद्या सगळीकडे मिळतात. त्याऐवजी जाणकारांनी सविस्तर लिहिले तर फार उपकार होतील.

जुनी_दप्तरे

तुमच्या बाबांची माहिती बरोबर आहे. धावपट्टी पोर्तुगीजांनीच बांधली, आणि ‘अखेरच्या काही वर्षांतच का?’ या प्रश्नात त्याचे उत्तरही दडलेले आहे. दीवचा विमानतळ पर्यटनासाठी जन्माला आला नाही, व्यापारासाठीही नाही. तो नाकेबंदीतून जन्माला आला.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली हे दोन्ही भाग पोर्तुगिजांच्या हातून गेले. ते समुद्रापासून तुटलेले, चारही बाजूंनी भारतीय मुलखाने वेढलेले होते. तिथे पोलीस किंवा सैन्य पाठवायचे, तर दमणहून भारतीय हद्द ओलांडूनच जावे लागे, आणि भारताने ती वाट दिली नाही. पोर्तुगाल या वाटेच्या हक्कासाठी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले आणि तो खटला १९६० पर्यंत चालला. परंतु त्या दोन भागांच्या अनुभवातून लिस्बनने घ्यायचा तो धडा आधीच घेतला होता. जमिनीवरची वाट शेजाऱ्याच्या मर्जीवर असेल, तर दमण आणि दीवही असेच एके दिवशी हातचे जातील, हे पोर्तुगालचे हुकूमशहा पंतप्रधान सालाझार यांच्या सरकारला स्पष्ट दिसत होते.

त्याच सुमारास भारताने आर्थिक निर्बंध आवळत नेले. १५ ऑगस्ट १९५५ च्या गोवा सत्याग्रहात निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला, त्यानंतर सीमा बंद झाल्या आणि मुरगावपर्यंत येणारी रेल्वेही थांबली. गोवा, दमण आणि दीव हे तीन तुकडे एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर, मधला सगळा किनारा भारताचा. जहाजे होती, परंतु ती संथ होती आणि पावसाळ्यात बेभरवशाची. राहिला मार्ग हवेचा. म्हणून गोव्यात दाबोळी, तसेच दमण आणि दीव अशा तिन्ही ठिकाणी धावपट्ट्या घाईने तयार करण्यात आल्या. दीवची धावपट्टी १९५४ मधली मानली जाते.

विमाने चालवण्यासाठी ‘ट्रान्सपोर्तेस आएरेओस दा इंदिया पोर्तुगेझा’ ही सरकारी हवाई सेवा उभी करण्यात आली आणि ऑगस्ट १९५५ मध्ये तिची विमाने दीवला येऊ लागली. गोवा, दमण, दीव आणि कराची असा तिचा मार्ग होता. यातले कराचीचे नाव लक्षात घेण्यासारखे आहे. नकाशावर गोव्यापासून कराचीपर्यंत अरबी समुद्रातून रेघ ओढली की दमण आणि दीव त्या रेघेपासून फारसे दूर पडत नाहीत; म्हणजे भारतीय भूमीवरून न उडता तिन्ही वसाहती एकमेकींना जोडता येत आणि कराचीहून पुढे युरोपची वाट मोकळी होई. सुरुवातीला हेरॉनसारखी छोटी, चार इंजिनांची विमाने होती, नंतर व्हायकिंग आणि पुढे डग्लस बनावटीची मोठी विमाने आली. सरकारी डाक, औषधे, अधिकारी, त्यांची कुटुंबे, क्वचित एखादा व्यापारी, असा तो सगळा व्यवहार होता.

या तीन धावपट्ट्या सख्ख्या बहिणींसारख्या एकाच घरात, एकाच वेळी जन्मल्या आणि तिघींची नशिबे मात्र निराळी निघाली. दाबोळी नौदलाकडे गेली आणि तिथेच गोव्याचा मोठा नागरी विमानतळ वाढला. दमणची तटरक्षक दलाच्या ताब्यात आहे. दीवची तेवढी छोट्या प्रवासी विमानांसाठी उरली, आणि म्हणूनच ज्या कामासाठी ती बांधली गेली त्या कामाच्या सर्वांत जवळचा अनुभव आजही तिथेच मिळतो: छोटे विमान, थोडे प्रवासी, समुद्रावरून येणारी वाट. धावपट्टीची लांबी सुमारे १,८०० मीटर आहे. पंखे असलेल्या एटीआरसारख्या विमानांना ती पुरते.

माझे स्पष्ट मत असे आहे की दीवला जाणारी मंडळी किल्ल्याला ‘इतिहास’ मानतात आणि विमानतळाला ‘सोय’, आणि हा भेद चुकीचा आहे. किल्ला जसा सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज भीतीचा आणि महत्त्वाकांक्षेचा दगडी पुरावा आहे, तशीच ही धावपट्टी १९५० च्या दशकातल्या भीतीचा पुरावा आहे. तिथे एखादा माहितीफलक लावून हे सांगितले गेले पाहिजे. तुमच्या बाबांना विमानातून उतरल्या उतरल्या हेच आधी सांगा.

रणवाट

वरचा प्रतिसाद उत्तम आहे. १९६१ बद्दलच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण गोव्याच्या मुक्तीबद्दल लिहिताना दीवच्या लढाईची बोळवण एका ओळीत केली जाते, आणि प्रत्यक्षात तिन्ही ठिकाणांपैकी दीवमध्ये कडवा प्रतिकार झाला होता.

१८ डिसेंबर १९६१ च्या पहाटेपूर्वी, अंधारातच भारतीय सैन्याने दीववर चाल केली. बेट आणि सौराष्ट्राचा किनारा यांच्यामध्ये उत्तरेला खाडी आहे. भरती-ओहोटीप्रमाणे तिथे कधी पाणी असते तर कधी पाय रुतवणारा चिखल. २० राजपूत पलटणीच्या तुकड्यांनी बांबूच्या खाटा तेलाच्या पिंपांना बांधून तराफे केले आणि ही दलदल पार करण्याचा प्रयत्न केला. त्यांचे उद्दिष्ट होते पलीकडे पाय रोवणे आणि विमानतळ ताब्यात घेणे. समोरून सव्वाशेच्या आसपास पोर्तुगीज सैनिकांनी बंदुका आणि उखळी तोफांचा मारा केला आणि हा पहिला हल्ला परतवून लावला. दुसरीकडे खाडीपलीकडे, मुख्य भूमीवर असलेल्या घोघला या दीवच्याच भागात ४ मद्रास पलटणीने सीमेवरच्या चौकीवर हल्ला चढवला.

उजाडल्यावर चित्र पालटले. भारतीय वायुदलाच्या तूफानी विमानांनी आधी किल्ल्यावर आणि मग विमानतळावर हल्ले केले. नियंत्रण मनोरा, बिनतारी संदेश केंद्र, हवामान केंद्र ही सगळी ठाणी उद्ध्वस्त झाली आणि धावपट्टीवर एक हजार पौंडी बाँब पडले. म्हणजे नाकेबंदी फोडण्यासाठी बांधलेली ती पट्टी बांधल्यापासून सात-आठ वर्षांत निकामी करण्यात आली. समुद्रावर ‘आयएनएस दिल्ली’ ही युद्धनौका होती, जी दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी ‘अकिलीस’ या नावाने दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर जर्मन युद्धनौकेशी लढली होती. तिच्या तोफांनी किल्ल्याचा वेध घेतला.

पोर्तुगिजांच्या बाजूने या दिवशी सर्वांत जास्त आठवले जाणारे नाव म्हणजे ‘वेगा’ या छोट्या गस्ती नौकेचा तरुण कप्तान ओलिव्हेरा इ कार्मो. २० मिलिमीटरच्या तोफेनिशी तो वायुदलाच्या जेट विमानांशी लढला आणि नौकेवरच मारला गेला. शत्रू असला तरी त्याच्या धैर्याचा उल्लेख भारतीय लेखनातही आदराने होतो, आणि तो व्हायलाच हवा. संध्याकाळपर्यंत पोर्तुगीज अधिकाऱ्यांना लढाई पुढे रेटण्यात अर्थ नाही हे कळून चुकले आणि १९ डिसेंबरला दीवने शरणागती पत्करली. गव्हर्नरसह चारशेहून अधिक जण युद्धकैदी झाले.

त्याच दिवशी दाबोळीला काय घडले याच्याशी तुलना करण्यासारखी आहे. तिथल्या धावपट्टीवरही बाँब पडले, परंतु इमारती आणि उभी असलेली दोन प्रवासी विमाने वाचली. रात्री खड्डे चुकवत, उरलेल्या अपुऱ्या लांबीवरून ती दोन्ही विमाने अधिकाऱ्यांची कुटुंबे घेऊन अंधारात समुद्रावर उडाली आणि निसटली. दीवला तशी संधी कुणालाच मिळाली नाही.

विमानतळावर उभे राहून उत्तरेकडे पाहिले, की ती खाडीची बाजू लक्षात येते. रात्रीच्या अंधारात, चिखलातून, पिंपांच्या तराफ्यावर बसून त्या सपाट, आडोसा नसलेल्या जमिनीकडे सरकणे म्हणजे काय असेल, हे तिथली जागा पाहिल्यावर पुस्तकापेक्षा लवकर समजते.

चौलची_बखर

खिडकीतून काय दिसेल या प्रश्नावर थोडे विस्ताराने लिहितो.

दीवची धावपट्टी नैर्ऋत्य-ईशान्य अशी पसरलेली आहे. हिवाळ्यात सौराष्ट्रावर बहुधा ईशान्येकडून वारा असतो आणि विमान वाऱ्याला सामोरे जाऊन उतरते, म्हणून तुमचे विमान समुद्राकडून येण्याची शक्यता जास्त. तसे झाले तर शेवटच्या दोन-तीन मिनिटांत खाली नागव्याचा अर्धवर्तुळाकार किनारा येतो, डावीकडे बेटाच्या पश्चिम टोकाला वणाकबारा हे मासेमारीचे बंदर राहते, तर उजवीकडे दूर, पूर्वेच्या टोकाला दीव शहर आणि किल्ला. आई-बाबांना शक्य असल्यास उजवीकडच्या खिडक्या घ्या. बेटाची घडण वरूनच कळते: दक्षिणेला उघडा समुद्र आणि चुनखडीचे खडक, उत्तरेला खाडी, खारफुटी आणि मिठागरे, आणि या दोहोंच्या मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. पूर्व टोकाशी खाडी समुद्राला मिळते, तिथे खोल पाणी आणि वाऱ्यापासून आडोसा असे दोन्ही आहे. मध्ययुगातल्या कोणत्याही जहाजवाल्याला याहून जास्त काही नको होते. दीवचा सगळा इतिहास त्या एका मुखापाशी घडला.

मात्र मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते असे, की मुंबई-दीव हा प्रवास स्वतःच एका इतिहासाची दोन टोके जोडतो. गुजरातच्या सुलतान बहादूरशाहावर हुमायूनचे संकट आले, तेव्हा त्याने पोर्तुगिजांची मदत मिळावी म्हणून डिसेंबर १५३४ च्या वसईच्या तहाने वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटे पोर्तुगिजांना दिली. पुढच्याच वर्षी, १५३५ मध्ये, त्याने त्यांना दीवला किल्ला बांधण्याची परवानगी दिली. म्हणजे तुम्ही ज्या बेटांवरून उडणार आणि ज्या बेटावर उतरणार, ती दोन्ही एकाच सुलतानाने, एकाच अडचणीपायी, वर्षभराच्या आत पोर्तुगिजांच्या स्वाधीन केली. बहादूरशाहाला लवकरच पश्चात्ताप झाला. फेब्रुवारी १५३७ मध्ये गव्हर्नर नुनो द कुन्हा याच्या जहाजावरून परतताना झालेल्या झटापटीत तो दीवच्याच पाण्यात मारला गेला.

मुंबईतून निघाल्यावर विमान उत्तरेकडे वळले आणि हवा स्वच्छ असली, तर उजव्या बाजूला वसईची खाडी ओळखता येते. त्या वसईचा किल्ला १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकला आणि उत्तर कोकणातली पोर्तुगीज सत्ता जवळपास संपली. मुंबई त्याआधीच, सतराव्या शतकात, इंग्रजांकडे गेली होती. दीव मात्र १९६१ पर्यंत टिकले. एकाच तहाच्या आसपास गेलेल्या जागांचे हे तीन वेगवेगळे शेवट बाबांना सांगण्यासारखे आहेत.

याहून मागे जायचे तर आमच्या रायगड जिल्ह्यातल्या चौलपासून सुरुवात करावी लागते. मार्च १५०८ मध्ये चौलच्या बंदरात इजिप्तच्या मामलुकांचे आरमार आणि दीवचा सुभेदार मलिक अयाझ याची जहाजे यांनी मिळून पोर्तुगिजांना गाठले. त्या लढाईत व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याचा मुलगा लोरेंसो मारला गेला. मुलाचा सूड घेण्यासाठी आल्मेदा दीववर चालून गेला आणि ३ फेब्रुवारी १५०९ रोजी त्याने मामलुक, गुजरात आणि कालिकत यांचे एकत्रित आरमार दीवच्या मुखाशी बुडवले. पुढची शंभर वर्षे अरबी समुद्रावर पोर्तुगिजांचा जो दरारा राहिला, त्याचा पाया त्या एका दिवसाने घातला. आमच्याकडे रेवदंडा-चौलला सुटीत हजारो लोक येतात, परंतु तिथल्या कुंडलिकेच्या मुखाशी झालेल्या लढाईचा आणि दीवचा हा संबंध कुणी सांगत नाही, याची खंत वाटते.

किल्ल्यात गेलात तर दोन वेढ्यांची गोष्ट ठाऊक असावी. १५३८ मध्ये ऑटोमन तुर्कांचे प्रचंड आरमार सुलेमान पाशाच्या नेतृत्वाखाली दीवपाशी आले, आणि १५४६ मध्ये गुजरातच्या सैन्याने पुन्हा कित्येक महिने वेढा घातला. दोन्ही वेळा किल्ला थोडक्यात वाचला. दुसऱ्या वेढ्यानंतर तटबंदी इतकी ढासळली होती की गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याला ती नव्याने बांधण्यासाठी पैसा हवा होता आणि खजिना रिकामा होता. त्याने गोव्याच्या नगरसभेला पत्र लिहून कर्ज मागितले आणि तारण म्हणून स्वतःच्या दाढीचे केस पाठवले. गोव्याच्या नागरिकांनी पैसे दिले आणि केस सन्मानाने परत केले. आज जे बुरूज आणि खडकात खोदलेला खंदक दिसतो, त्यात अशा रीतीने गोव्याचा पैसा आहे. बाबांना ही गोष्ट विशेष आवडेल असे वाटते.

किनारपट्टी_मुंबई

तिघांचेही मनापासून आभार. एवढे मिळेल असे वाटले नव्हते. बाबांना हे सगळे वाचून दाखवले. पणजीतल्या त्यांच्या दिवसांत विधानसभेत दीवचा एक आमदार येत असे, हे त्यांना लगेच आठवले.

आता दोन व्यावहारिक शंका. आईचे गुडघे दुखतात, तर किल्ला तिला कितपत झेपेल? आणि विमानतळाच्या आसपासच, फार फिरावे न लागता, पाहण्याजोगे काही आहे का? ‘खुकरी’च्या स्मारकाबद्दलही ऐकले आहे.

नागवा_रस्ता

नोकरीनिमित्त काही वर्षे दीवमध्ये राहिलो आहे, त्यामुळे या शंकांची उत्तरे देऊ शकेन.

विमानतळ नागवा गावाला लागूनच आहे आणि दीव शहर तिथून सहा-सात किलोमीटरवर. बाहेर पडल्यावर घाई करून थेट हॉटेल गाठू नका. नागव्याच्या रस्त्यालाच शंख-शिंपल्यांचे एक छोटे संग्रहालय आहे. व्यापारी जहाजांवर आयुष्य घालवलेल्या एका दर्यावर्दी कप्तानाने जगभरातून जमवलेला तो संग्रह असून भिंगातून बारकावे पाहता येतात. आईंना बसून पाहता येईल. त्याच परिसरात ‘होका’ नावाची ताडाची झाडे आहेत. आपल्याकडचा ताड सरळ एका खोडाने वर जातो, तर हा ताड मध्येच दुभंगतो, त्या फांद्या पुन्हा दुभंगतात आणि प्रत्येक टोकाला पंख्यासारख्या पानांचा झुबका येतो. फळ मुठीएवढे, पिकल्यावर तांबूस-तपकिरी, आणि आतली कोय इतकी कठीण की दात लावायची सोय नाही. खायचा तो फक्त वरचा पातळ, चिवट, गोडसर थर. मुले तो दातांनी खरवडून खातात. भारतात ही झाडे फार थोड्या ठिकाणी दिसतात, म्हणून मुद्दाम थांबून पाहा.

किल्ल्यात आत शिरल्यावर बराचसा भाग सपाट आहे, पण बुरुजांवर जायला उतार आणि पायऱ्या आहेत. आईंनी खालच्या अंगणातच थांबावे. तोफा, खंदक आणि खाडीच्या मुखातला पाणीकोठा तिथूनही नीट दिसतात. पाणीकोठा म्हणजे पाण्यातच जहाजाच्या आकारासारखा बांधलेला छोटा दुर्ग; त्याचा पुढे तुरुंग म्हणूनही उपयोग झाला. सकाळी लवकर जा, कारण दहानंतर चुनखडीचा दगड तापतो आणि सावली जवळजवळ नसते. त्याच कारणाने नायडाची लेणी पाहायला मात्र सकाळची अकराची वेळ चांगली. किल्ल्यासाठी दगड काढला गेल्यामुळे त्या पोकळ्या तयार झाल्या, असे तिथे सांगितले जाते, आणि छताच्या भोकांतून ऊन आत उतरते. आत जमीन खडबडीत आहे, गुडघेदुखी असलेल्यांनी तोंडाशीच थांबावे.

‘खुकरी’चे स्मारक दक्षिण किनाऱ्यावर आहे आणि तिथे गाडी अगदी जवळ जाते. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवपासून दूर समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीने ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी इतरांना बाहेर पडायला लावले आणि स्वतः नौका सोडली नाही; त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. काचेच्या पेटीत नौकेची प्रतिकृती आहे, समोर मोकळा समुद्र. त्याच नावाची नंतरची युद्धनौका सेवेतून निवृत्त झाल्यावर २०२२ मध्ये दीव प्रशासनाला देण्यात आली. बहुतेक पर्यटक इथे सूर्यास्ताची छायाचित्रे काढून निघून जातात. तुम्ही फलकावरची नावे वाचा. त्यात देशाच्या सगळ्या प्रांतांतले लोक आहेत.

तुमच्या बाबांची आठवण अगदी बरोबर आहे. तीस जागांच्या त्या विधानसभेत अठ्ठावीस गोव्याच्या आणि दमण, दीव यांची प्रत्येकी एक जागा असे. ३० मे १९८७ रोजी गोवा वेगळे राज्य झाले तेव्हा ती व्यवस्था संपली, दमण आणि दीव हा स्वतंत्र केंद्रशासित प्रदेश झाला आणि २६ जानेवारी २०२० पासून तो दादरा आणि नगर हवेलीशी एकत्र केला गेला आहे. ज्या दादरा-नगर हवेलीच्या घटनेमुळे पोर्तुगिजांना विमानतळ बांधावासा वाटला, असे वर ‘जुनी_दप्तरे’ यांनी लिहिले आहे, त्याच प्रदेशाशी दीव आता एका प्रशासनात आहे.

शहरात जुन्या माणसांशी बोलायची संधी मिळाली तर बाबांनी ती सोडू नये. इथल्या कित्येक गुजराती घरांतली मंडळी पिढ्यान्‌पिढ्या व्यापारासाठी मोझांबिकला गेली, १९७५ मध्ये तो देश स्वतंत्र झाल्यावर त्यांतली बरीच लिस्बनला गेली, आणि अलीकडे पुष्कळजण पोर्तुगीज पारपत्रावर इंग्लंडमध्ये लेस्टरला स्थायिक झाले आहेत. त्यामुळे हिवाळ्यात घरोघरी परदेशातून आलेले नातेवाईक असतात, लग्ने असतात, आणि एकाच ओसरीवर गुजराती व पोर्तुगीज दोन्ही कानांवर पडतात. पणजीच्या कचेरीत काम केलेला माणूस म्हटल्यावर बाबांना चहा पाजल्याशिवाय कुणी सोडणार नाही, याची मला खात्री आहे.

शेवटी एक सूचना. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे शनिवार-रविवारी आणि दिवाळी ते नाताळ या काळात दीवमध्ये फार गर्दी होते, खोल्यांचे दरही चढतात. सोमवार ते गुरुवार असा बेत आखा. विमानांच्या फेऱ्या ऋतूप्रमाणे बदलतात आणि विमान छोटे असल्याने जागा लवकर भरतात, म्हणून आधी तिकीट हाती घ्या आणि मगच खोली ठरवा. एखादी फेरी रद्द झाली, तर उना इथून साधारण १५ किलोमीटरवर आहे आणि तिथून वेरावळकडे गाड्या मिळतात. त्या वाटेवर सोमनाथही होईल.

जुनी_दप्तरे

वरच्या प्रतिसादात एक भर घालतो. तुमच्या बाबांनी दीवच्या फायली हाताळल्या असतील, तर त्यांना सिंबोर हे नावही आठवत असेल. दीवपासून साधारण २५ किलोमीटर पूर्वेला, गुजरातच्या किनाऱ्यावर हा एक चिमुकला तुकडा आहे, जो पोर्तुगिजांकडे होता आणि आजही दीव जिल्ह्यातच मोडतो. तिथे समुद्रात एका खडकाळ बेटावर छोटा पोर्तुगीज कोट आहे. उन्याहून गाडीने किनाऱ्यापर्यंत जाता येते आणि ओहोटीच्या वेळी कोट जवळून दिसतो. फारसे कुणी तिकडे फिरकत नाही. एक दिवस हाताशी असेल आणि बाबांचा उत्साह टिकून असेल, तर तिकडे अवश्य जाऊन या.